घंगाळात निजणारी

दसरा सरला की आमच्या आळीत बोलणं बंद होतं. कुणाचं कुणाशी भांडण झालेलं नसतं, पण ऐकूच येत नाही तर बोलून करायचं काय. दिवाळीच्या अभ्यंगाला प्रत्येकाला घंगाळ हवं असतं आणि ते आजच हवं असतं. वर्षभर पोचे पडलेल्या घंगाळात सुखाने न्हाणारी माणसं आश्विन लागला की एकदम जागी होतात आणि कसब्यातल्या तांबट आळीच्या तोंडाशी येऊन उभी राहतात. मग घराघरांतून हातोड्या सुरू होतात. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक ठोका पडत जातो, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. बाहेरचा माणूस आळीत शिरला की आधी कानांवर हात ठेवतो आणि मग खुणेने भाव विचारतो. आम्हीही खुणेनेच सांगतो, आणि तो जास्तच सांगतो.

आज सकाळी ओट्यावर बसून मी नवी घंगाळं चिंचेने घासत होते. कुठलं तरी परकं मांजर आलं. भुरं, किडकिडीत, शेपटीला गाठ असलेलं. घासून पालथ्या घातलेल्या घंगाळांना त्याने वळसा घातला आणि एक उताणं सापडल्यावर त्यात उतरलं. आत एकदा गोल फिरलं, बसलं, नाक शेपटीखाली घातलं. चारी बाजूंनी ठोक्यांचा कल्लोळ चालला होता. त्याला तो सोसला नाही. कान मागे पाडून ते उडालं आणि थेट गल्लीच्या बाहेर गेलं. चिंचेचा चोथा हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. आमची मांजर, चरवी, असती तर या कल्लोळात डाराडूर झोपली असती.

मी पौड खोऱ्यातली, कासाराची मुलगी. माझे आप्पा मावळातल्या बाजारांतून भांडी विकत हिंडायचे, त्यामुळे तयार भांडं कसं दिसतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ते तयार होताना कसं बोंबलतं ते ठाऊक नव्हतं. लग्न होऊन या आळीत आले आणि पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, आपल्याला वेड लागणार. डोक्यात ठोके, जेवताना ठोके, दुपारी जरा आडवं व्हावं तर उशीतून ठोके. मी कानांत कापूस घालायची. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात मामंजी, हे आणि मी. दोघे पुरुष दिवसभर हातोडी चालवणारे. माहेरची आठवण काढून रडायचं म्हटलं तरी तेही ऐकायला कुणी नव्हतं.

मामंजींना तर अजिबातच ऐकू येत नसे. आयुष्य ठोक्यांत गेलेलं. आळीतल्या बहुतेक म्हाताऱ्यांचं तेच होतं. पण ते समोरच्याच्या तोंडाकडे असे टक लावून बघत की माणसाला खोटं बोलायची पंचाईत व्हावी. ओठ वाचायचे. ओठ झाकले गेले की आम्ही उगाच सवयीने ओरडायचो, आणि आमच्या आमटीत मीठ राहिलं ही बातमी पानं उचलायच्या आत समोरच्या रामशेटांच्या घरी पोचलेली असे. रामशेट म्हणायचे, ‘तुमच्या घरात गुपित ठेवायचं असेल तर ते मांजरालाच सांगावं.’

ते मांजर मामंजींनीच मला आणून दिलं. माझ्या कानांतला कापूस त्यांनी पाहिला होता. एके दुपारी भात्याच्या मागे मांजरीने घातलेल्या पिलांपैकी एक त्यांनी ओंजळीत आणलं आणि माझ्यासमोर एका घंगाळात ठेवलं. बाजूलाच हे दणादण ठोकत होते. पिलू आत गोल फिरलं, जांभई दिली आणि झोपलं. मामंजी आपल्या त्या मोठ्या, कुणालाच न जुमानणाऱ्या आवाजात म्हणाले, ‘बघ सूनबाई. हिच्याकडून शीक. ही इथेच जन्मली, हिला हे अंगाईगीत आहे.’

रंग अगदी भट्टीतून काढलेल्या पत्र्याचा, लालसर, आणि मध्येमध्ये राख लागल्यासारखे पट्टे. दूध प्यायली की मान बारीक आणि पोट गरगरीत, म्हणून चरवी हे नाव मामंजींनीच ठेवलं. ‘चरवे’ म्हणून हाक मारली की शेजारच्या बायकांना वाटे, नव्या सुनेने भांडंच हरवलंय.

तिच्याकडून मी झोपायला शिकले की नाही, कोण जाणे. पण ती मांडीवर असली की ठोके लांब गेल्यासारखे वाटत. तिच्या पंजांना चिंचेचा आंबूस वास यायचा, पोटाला कोळशाचा. तिन्हीसांजेला हातोड्या थांबल्या, की माझा जीव माहेरकडे ओढ घेई. त्याच वेळी तीही उठून बसे. हे मला फार नंतर कळलं की ती आवाजाने जागी होत नव्हती, आवाज थांबला की जागी होत होती. अमावस्येला आळीत काम बंद असतं. त्या दिवशी चरवी दिवसभर अस्वस्थ. या खोलीतून त्या खोलीत, माळ्यावरून ओट्यावर, प्रत्येक घंगाळाचा वास घेऊन पुन्हा बाहेर. मी तिला म्हणायची, ‘काय गं, झोप उडाली का शांततेने?’ ती माझ्याकडे असं बघायची, जणू काही तरी बिघडलंय आणि ते मी ताबडतोब नीट करावं.

मामंजींचं आणि तिचं निराळंच होतं. संध्याकाळी ते भिंतीला टेकून बसत, ती त्यांच्या मांडीवर चढे आणि ते आपला तो घट्टे पडलेला पंजा तिच्या पाठीवर ठेवत. ती घुरघुरायला लागली की त्यांना हाताला कळे. भांडं पूर्ण झालं का हेही ते हातानेच बघायचे, टिचकी मारून काठावर तळवा ठेवून. तसाच तळवा तिच्यावर ठेवून ते डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने जाहीर करायचे, ‘आज खूश आहे.’ कधी म्हणायचे, ‘आज मन नाही तिचं. बाहेर कुणाशी भांडून आलीय.’ हे हसायचे. मी नाही हसले कधी. त्यांना या जगातला एकच आवाज उरला होता आणि तो तिचा होता.

लोक म्हणतात, कुत्रं माणसाचं असतं आणि मांजर घराचं. मला हे तेव्हाही पटत नव्हतं. घराचं म्हणजे कशाचं? भिंतींचं? आमच्या भिंती तर काजळीने माखलेल्या होत्या. चरवीला ना भिंतींचं कौतुक होतं, ना आढ्याचं. ती ठोक्यांची होती, चिंचेच्या वासाची होती, मामंजींच्या तळव्याची होती. आणि थोडी माझी. निदान मला तसं वाटे आणि त्यात मला फार सुख होतं.

मग ती दिवाळी आली.

फौजा जवळ आल्याची कुजबुज गावात कितीतरी दिवस होती. सरदारांचं आपसातलं वाकडं होतं. कोण कुणावर चालून येतंय ते आळीत रोज बदलत असे. पण घंगाळांची गिऱ्हाइकं हटत नव्हती, म्हणून आम्हीही हटलो नाही. पुणेकर माणूस, शत्रू वेशीवर आला तरी आधी न्हाऊन घेणार. अभ्यंगाच्या सकाळी उन्हं वर आली तरी माझं न्हाणं व्हायचं होतं. मी ऊन पाणी घंगाळात ओतलं आणि उटण्याची वाटी आणायला वळले. मामंजी न्हाणीच्या दाराशी उभे होते, पाण्याकडे बघत. पाणी कापत होतं. काठापासून मध्यापर्यंत बारीक बारीक वळ्या उठत होत्या आणि विरत होत्या. त्यांनी काठावर तळवा ठेवला.

‘सूनबाई, आळी आज बंद आहे ना?’

‘बंद आहे मामंजी. दिवाळी आहे.’

‘मग हा ठोका कुणाचा?’

मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने हे धावत आले, म्हणाले, हडपसरच्या बाजूला तोफा चालू झाल्या.

त्यानंतरची सकाळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. गल्लीत गाड्या, बैलांचे ओरडे, देवघरातले देव फडक्यात बांधणाऱ्या बायका, फराळाची ताटं जशीच्या तशी. कुणी जमीन खणत होतं, कुणी विहिरीत हंडे सोडत होतं. आमच्याकडे गाडी नव्हती. रामशेट म्हणाले, तुमची तयार घंगाळं माझ्या गाडीत टाका. तांबट लांबवर माल पाठवतात तेव्हा एका घंगाळात पेंढा भरतात, त्यावर दुसरं पालथं घालतात आणि काथ्याच्या दोरीने दोन्ही आवळून बांधतात, म्हणजे पोचा पडत नाही. मामंजी आणि हे दोघे भराभर जोड्या बांधत सुटले. घंगाळावर घंगाळ आपटत होतं. इतका आवाज की सणाचा दिवस आहे असं वाटूच नये.

मी चरवीला शोधत होते. सकाळी आळी गप्प होती तोवर ती नेहमीप्रमाणे घरभर हिंडत होती, माझ्या पायांत आली होती. आता कुठेच नव्हती. माळ्यावर नाही, भात्यामागे नाही, रामशेटांच्या ओट्यावर नाही. ‘चरवे, चरवे’ करत मी कुंभारवाड्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. लोक मला ढकलून पुढे जात होते. एक बाई म्हणाली, ‘अहो, चरवी राहू द्या, जीव वाचवा.’

‘चला आता,’ हे म्हणाले. ‘नदी उतरायचीय. घाबरून बसली असेल कुठेतरी. तिला आपल्यापेक्षा जास्त जागा ठाऊक आहेत.’

मामंजींनी दहीभाताची ताटली भात्याजवळ ठेवली आणि मागची खिडकी उघडी टाकली. चोर येतील, असं कुणीच म्हणालं नाही. चोर येणारच होते. आम्ही कुंभारवेशीपाशी नदी उतरलो, भांबुर्ड्यातून कोथरूडच्या वाटेला लागलो आणि पौडला माझ्या माहेरी गेलो. रामशेटांची गाडी आमच्या पुढेच होती, पण भांबुर्ड्यात त्यांचा एक बैल लंगडायला लागला. त्यांनी आमची घंगाळं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात उतरवली आणि हलकी गाडी घेऊन पुढे निघून गेले.

माहेरी मला आनंद व्हायला हवा होता. आई होती, अंगण होतं, आणि ठोका एकही नव्हता. मला झोप येईना.

परत आलो तेव्हा होळी तोंडावर आली होती. दार मोडलेलं, जमीन जागोजाग खणलेली, भात्याचं कातडं फाडून नेलेलं. खिडकी उघडीच होती. घंगाळं भांबुर्ड्याहून रामशेटांच्या गड्याने आणून दिली, त्यांना धक्काही लागला नव्हता. ती घ्यायला मात्र कुणी नव्हतं. अर्धी आळी अजून परतलेली नव्हती आणि जी परतली होती तिच्याकडे काम नव्हतं. अशी शांतता मी कसब्यात कधी ऐकली नव्हती. कबुतरांचे पंख ऐकू येत. आणि मला हातोड्यांची आठवण येत होती, मला, जी कानांत कापूस घालून बसायची तिला.

मामंजींनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, ‘आली का?’ मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोडीतली एक परात काढली आणि ओट्यावर बसून ती ठोकायला घेतली. तिचं काही होणार नव्हतं, ती फाटलेली होती. रामशेट समोरून बघत होते. त्यांनी येऊन, ओठ नीट दिसतील असं समोर उभं राहून विचारलं, ‘काय घडवताय?’

‘काही नाही. आवाज करतोय.’

‘गिऱ्हाईक आहे का कुणी?’

‘आहे एक,’ मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ती येऊन गेली असेल गं. पण इथे आवाजच नाही. तिला हे आपलं घर वाटणार कसं?’

रोज तिन्हीसांजेला ते ती परात ठोकत. थोडा वेळ ठोकून थांबत आणि माझ्याकडे बघत. मग मी दाराशी जाऊन कान द्यायची. त्यांच्या वाटचं ऐकणं माझ्याकडे आलं होतं. मी सगळं ऐकायची. कुणाचं तान्हं, लांबची घंटा, पालापाचोळा. वळून तोंड उघडायच्या आत त्यांना कळलेलं असायचं. ‘बरं,’ म्हणून ते पुन्हा हातोडी उचलत. तेवढ्यासाठी त्यांचं जेवण रोज लांबायचं आणि आमटी दोनदा तापवावी लागायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाईट याचं वाटायचं की मी खोटं सांगू शकत नव्हते. आणि तिची आठवण मलाही तितकीच यायची. भांडी घासताना चिंचेचा वास आला की हात आपोआप बाजूला चाचपडायचा. रडायला आलं तर आता घरात शांतता होती आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

आवाजाला मांजरं आली, नाही असं नाही. ओस पडलेल्या घरांतली भुकेली मांजरं होती ती. एक काळा बोका, एक कान फाटलेली, एक पांढरी. त्यातली एक लालसर होती, पाठीवर पट्टे असलेली, आणि ती आत शिरली तेव्हा मी ‘चरवे’ म्हणून धावलेच. मामंजींनी तिला उचलून मांडीवर घेतलं. ती खाऊन तृप्त होती, लगेच घुरघुरायला लागली. त्यांनी तळवा ठेवला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले.

‘ही ती नव्हे,’ ते म्हणाले. पण हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

वैशाखात एक बाई पोचा पडलेली घागर घेऊन आली. भांबुर्ड्याची, सगुणा नाव. आमची घंगाळं जिच्या गोठ्यात राहिली होती तीच. घागर ठोकून होईपर्यंत ती माझ्याजवळ ओट्यावर बसली. ऊन कलायला लागलं तशी मामंजींनी आपली परात काढली. थोडं ठोकलं, थांबले, माझ्याकडे बघितलं. मी दाराशी जाऊन आले. सगुणा हे सगळं बघत होती.

‘म्हातारबा कुनाची वाट बगत्यात?’

मी सांगितलं. मांजराचं सांगताना हसू येईल अशी मला भीती होती, तसं झालं नाही. ऐकता ऐकता ती पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, ‘वैनी, तांबडी हाय का? राखंचं पट्टं असल्याली?’

मी तिचा हातच धरला.

‘माज्यापाशी हाय. तुमची गाडी माल टाकून गेली त्या सांजंला गोठ्यात म्याव म्याव ऐकाया आलं. बगत्ये तर घंगाळात. दोरी कापली तवा भायेर आली आन् थेट माळ्यावर चढली. दोन दिस खाली आली न्हाई. मंग आली. पौषात पिलं बी झाली तिला. रामशेटचा गडी भांडी न्यायला आला, त्यानं मांजराचं इचारलं न्हाई आन् म्या सांगितलं न्हाई. खोटं कशाला बोलू, लळा लागला व्हता.’

मी मामंजींकडे बघितलं. ते परातीवर वाकलेले होते, आमची तोंडं त्यांना दिसत नव्हती. मला सगळं समोर दिसलं. आळी गप्प होती तोवर ती हिंडत होती. भांडी बांधायची आपटाआपटी सुरू झाली आणि तिला नेहमीसारखी झोप आली. आपल्या घंगाळात, मऊ पेंढ्यात शिरून. आणि कुणी तरी घाईत दुसरं घंगाळ वर घातलं आणि दोरी आवळली. त्या दिवशी बांधणारे दोघेच होते.

मी त्यांना लगेच काही सांगितलं नाही. आधी डोळ्यांनी बघावं, मग सांगावं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच झाकणाची टोपली घेऊन मी सगुणाच्या घरी गेले. नदीला पाणी थोडंच होतं, दगडांवरून जाता येत होतं. सगुणाच्या गोठ्यामागे भुसाचा ढीग होता आणि त्याच्यावर चरवी उन्हाला पसरली होती. अंगाने भरलेली, अंगावर तकाकी. एक वाढलेलं पिलू तिच्या शेपटीशी खेळत होतं.

‘चरवे,’ मी म्हटलं.

तिने एक कान वळवला. मग डोळा उघडला. मग उठली, आळस दिला आणि खाली येऊन माझ्या पायांना अंग घासलं. एकदा या बाजूने, एकदा त्या. मी खाली बसले तशी मांडीवर आली. मी तिच्या पंजांचा वास घेतला. चिंच नव्हती, कोळसा नव्हता. कडबा, शेण आणि उन्हाचा वास होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

सगुणा म्हणाली, ‘न्या की. तुमचीच हाय.’ आणि आत निघून गेली, ती बाहेर आलीच नाही.

मी टोपली उघडली. चरवीने आत डोकावलं, वास घेतला आणि बाजूला झाली. पुन्हा उचलून ठेवायला गेले तर ती हातांतून पाण्यासारखी निसटली. धरून कोंबता आलं असतं. पण एकदा तिला कोंडून नेलेलं होतं, पुन्हा तेच करायला माझे हात धजेनात. मी रिकामी टोपली काखेत मारली आणि निघाले. बांधावर आल्यावर मागे बघते तर ती येत होती. शेपटी ताठ वर, माझ्या मागे मागे. मी मागे बघायचं सोडून दिलं, पाऊल हळू टाकायला लागले. बघितलं तर थांबेल, घाई केली तर बिचकेल. सगळी वाट मनात एकच, मामंजी, येतेय, घेऊन येतेय.

नदीच्या काठाशी मी पहिल्या दगडावर पाय ठेवला. ती खाली बसली.

मी हाक मारली. ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे बारीक करून. पुन्हा मारली. तिने पंजा चाटला. मी पलीकडे गेले, वळले, तेव्हाही ती तिथेच होती. मी काठ चढून उभी राहिले, तेव्हा ती उठली आणि शेतातून परत गेली.

घरी आल्यावर मी मामंजींच्या पुढ्यात बसले, तोंड उजेडात धरलं आणि सांगितलं. सगळंच सांगितलं. घंगाळाचंही. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

‘मी बांधलं ते,’ ते म्हणाले. ‘त्याने बांधलं असतं तर त्याला ऐकू आलं असतं.’ मग आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाले, ‘ओरडली असेल गं आतून.’

‘नाही हो मामंजी. गाडी खडखडत होती. झोपली असेल ती. तुम्हीच म्हणायचात ना, तिला ते अंगाईगीत आहे.’

त्यांनी माझ्या ओठांकडे फार वेळ बघितलं.

‘हाक मारलीस?’

‘मारली.’

‘ओळखलं तिने?’

‘हो. मांडीवर बसली. पोचवायला आली होती, नदीपर्यंत.’

‘तू पाणी ओलांडेपर्यंत थांबली?’

‘थांबली.’

मामंजी हसल्यासारखे झाले. डोळे भरले होते. ‘मग कशाला बोलावतेस तिला परत,’ ते म्हणाले. ‘स्वतःचं घर असल्याशिवाय कुणी दुसऱ्याला पोचवायला येत नाही.’

त्या संध्याकाळी ते वेळेवर पानावर येऊन बसले. मी वाढलं. माझं लक्ष मात्र पानात नव्हतं, कारण पोचवणाऱ्याचं हे त्यांना कशावरून कळलं ते मला आठवत होतं. गुढीपाडव्याला आप्पा आम्हाला भेटायला आले होते आणि परत निघाले तेव्हा मी आणि मामंजी त्यांना पोचवायला नदीपर्यंत गेलो होतो. चुलीवर दूध ठेवलेलं होतं. आप्पा पाण्यात उतरले तशी मी ‘बरं, जपून जा’ म्हणून वळले आणि भराभर घराकडे चालायला लागले. मामंजी मागे रेंगाळत होते, पुन्हा पुन्हा नदीकडे बघत होते. मी म्हटलं, चला ना, दूध उतू जाईल. ते कुणाकडे बघत होते ते मला आता कळत होतं. आप्पा पलीकडच्या काठावर पोचून, मी वळून बघेन म्हणून उभे होते.